'विजय' नीट छापेल ती भाषा

डेटाबेसवर चालणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर करायचंय, कुठली भाषा घेऊ, असं कुणी विचारलं की उत्तरांचा क्रम ठरलेला असतो. कुठली वेगवान, कुठलीत नोकऱ्या जास्त, कुठली आता जुनी झाली. मी ठाण्यातल्या एका ऑफिससाठी असं सॉफ्टवेअर पूर्ण केलं, ते रोज वापरात आहे, आणि यांतल्या एकाही मुद्द्यावर माझं काम अडलं नाही. अडलं ते ऱ्हस्व वेलांटीवर. त्यात अख्खा पावसाळा गेला. म्हणून सविस्तर लिहितेय. मराठीत बिलं, पावत्या, दाखले छापणारं सॉफ्टवेअर जो कुणी हातात घेईल, त्याचा तरी पावसाळा वाचावा.

ऑफिस नौपाड्यात आहे. बाबांचे जुने स्नेही, मी त्यांना काका म्हणते, ते हौसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहितात. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभासद नोंदवही म्हणजे आय नमुना, सभासदांची यादी म्हणजे जे नमुना, वार्षिक सभेच्या आधी थकबाकीदारांची यादी. घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांना सगळं इंग्रजीत लागतं. पण नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या कमिट्यांना बिल मराठीतच हवं असतं, आणि नावात चूक झालेली तिथे कुणी खपवून घेत नाही. ऑफिसात तीन पीसी. त्यांतल्या एकावर अजून विंडोज ७.

आधीचं सॉफ्टवेअर व्हीबी ६ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये होतं, डेटा ठेवायला खाली ॲक्सेसची फाइल. करून देणारा माणूस कधीच शहर सोडून गेलेला. "अगं, त्यातच थोडं वाढवून दे ना," हे काकांचं पहिलं म्हणणं. ते अवाजवी नव्हतं. व्हीबी ६ आलं १९९८ मध्ये, त्याच्या डेव्हलपमेंटच्या साधनाचा सपोर्ट २००८ मध्ये संपला, तरी त्याची रनटाइम, म्हणजे तयार प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या फाइली, विंडोजबरोबर येतच राहिली, म्हणून जुन्या एक्सई आजही चालतात. पण व्हीबी ६ चे स्वतःचे टेक्स्टबॉक्स आणि ग्रिड युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, जाणत नाहीत. मराठी युनिकोड तिथे टाकलं की प्रश्नचिन्हांची रांग येते. म्हणून त्या काळी सगळे जण करायचे तेच इथेही केलेलं होतं: मराठी दिसणारा जुना फॉन्ट, आणि डेटाबेसमध्ये साठवलेली प्रत्यक्षातली इंग्रजी चिन्हं. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट काढला की कचरा. सभासद आता बिल मोबाइलवर मागतात, तिथे तो फॉन्ट कुठून येणार? शिवाय शेअर केलेल्या फोल्डरातली ॲक्सेसची फाइल दोघांनी एकदम एन्ट्री मारली की कधीतरी दगा द्यायची आणि 'रिपेअर' करत बसावं लागायचं. तेव्हा नवीन करणं भागच होतं.

भाषांचं माझं मत थोडक्यात सांगून टाकते.

निव्वळ डेटाबेसचे फॉर्म बांधायला पास्कल भाषेवरच्या डेल्फीच्या घराण्यासारखं आजही काही नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यातलं लाझारस तर फुकट आहे. फॉर्मवर ग्रिड टाका, डेटासोर्स जोडा, टेबल समोर उघडतं, पुढचा-मागचा रेकॉर्ड दाखवणारी बटणं तयार मिळतात. शेवटी एकच एक्सई निघते, समोरच्या पीसीवर वेगळी रनटाइम टाकायला लागत नाही. मला ते सोडताना वाईट वाटलं. सोडलं ते एवढ्यासाठी की उद्या मी नसले तर काकांना ठाण्यात पास्कल येणारं माणूस सहज मिळणार नाही.

जावाचं जेडीबीसी, म्हणजे डेटाबेसशी बोलायची तिची ठरलेली पद्धत, सुरेख आहे. डेटाबेस बदलला तरी वरचा कोड बराचसा तसाच राहतो. स्क्रीन बांधायला मात्र स्विंग जुनाट दिसतं, आणि जावाएफएक्स २०१८ मध्ये जावा ११ पासून जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्या, बाहेर गेलं, ते आपण वेगळं जोडायचं. जेपॅकेज हे साधन आल्यापासून इन्स्टॉलर करणं सोपं झालंय.

पायथनमध्ये काम सगळ्यांत लवकर उभं राहतं. एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस, त्याच्या पोटातच आहे, स्क्रीनसाठी पायसाइड घेतलं तर एलजीपीएल हा सैल परवाना मिळतो. पायक्यूट घेतलं तर जीपीएल, म्हणजे प्रोग्रॅम देताना आपला कोडही खुला करायचा, नाहीतर परवाना विकत, हे आधी वाचून घ्या. अडचण वाटपाची. सगळं एका एक्सईत बांधलं की ती उघडताना आधी टेम्प फोल्डरात सुटते, म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो, आणि काही अँटिव्हायरस अशा फाइलला संशयितच धरतात. काकांच्या एका पीसीवर मी ठेवलेली फाइल चहा घेऊन येईपर्यंत गायब झाली होती. एकच फाइल करण्याऐवजी फोल्डर म्हणून दिली की हा त्रास बराच कमी होतो.

सी शार्प, आणि त्यात स्क्रीन बांधायचं जुनं साधन विनफॉर्म्स. दिसायला साधं, पण एन्ट्री करणाऱ्या माणसाला टॅब दाबत पुढे जाता येतं, कीबोर्डवरून हात उचलावा लागत नाही. पैशांसाठी त्यात डेसिमल हा प्रकार आहे, तोच वापरायचा, डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, आणि सोसायटीचा खजिनदार एक पैशाच्या फरकासाठीही ताळेबंद परत पाठवतो. सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोज ७ वरही चालतं, आणि २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये आधीपासून असतं. नवं डॉट नेट ८ विंडोज ७ वर चालत नाही. त्या एका जुन्या पीसीपायी मी ४.८ वरच थांबले.

वेबच्या पानांतून डेस्कटॉप ॲप करणाऱ्या इलेक्ट्रॉनचा विचार मी लगेच सोडला. प्रत्येक ॲपबरोबर आख्खं क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर बेतलाय तो ब्राउझर, जातं, आणि काकांच्या पीसींची मेमरी तेवढी नाही.

डेटाबेसबद्दल वाद घालत बसू नका. एकच पीसी असेल तर एसक्यूलाइट, डोळे मिटून. पण नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरात एसक्यूलाइटची फाइल ठेवून तीन जणांनी वापरायची नाही. तसं करू नये असं ते बनवणारेच लिहून सांगतात, कारण नेटवर्कवरच्या फाइलींचं लॉकिंग भरवशाचं नसतं. एकाहून जास्त पीसी असतील तर खरा सर्व्हर हवा. मी पोस्टग्रेस घेतलं. इन्स्टॉल केल्यावर ते फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं कनेक्शन घेतं, तेव्हा त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ऑफिसच्या नेटवर्कची ओळ घालायची आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये ५४३२ हा पोर्ट उघडायचा. आणि राउटरमधून सर्व्हरच्या पीसीचा आयपी पक्का करून घ्या, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सकाळी दहाला फोन येतो. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसही चांगलं आहे. मात्र त्यात मराठीचे कॉलम एनव्हारचार या युनिकोड जाणणाऱ्या प्रकाराचेच ठेवायचे, आणि क्वेरीत थेट मराठी लिहिलं तर अवतरणाच्या आधी 'एन' लावायचा. नाहीतर तिथेही प्रश्नचिन्हं.

आता वेलांटी.

पहिला नमुना मी पायथनमध्ये केला होता, काकांना स्क्रीन दाखवण्यापुरता. सभासद, फ्लॅट, बिलाची शीर्षकं, थकबाकीवरचं २१ टक्के सरळव्याज, सगळं जमलं. पीडीएफ काढायला एक नावाजलेली मोफत लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरली. पहिल्या पानावर 'सभासद', 'थकबाकी', 'देखभाल' झकास उमटलं. मी ऐरोलीला घरी बसून ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याला घेऊन गेले. काकांनी खऱ्या सोसायटीचं बिल काढायला लावलं. त्यावर 'विजय' च्या जागी 'वजिय' आलं. 'कर्वे' आडनाव 'कर्‌वे' झालं, रफार गळून खाली पाय मोडलेला. 'क्षीरसागर' मधला 'क्ष' फुटून 'क्‌ष' झाला. 'पार्किंग' आणि 'सिंकिंग फंड' तर वाचताच येईना. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे असं मी कुणाच्या दारात पाठवू?"

आधीच्या पानावर सगळं बरोबर का आलं, हे आता सांगता येतं. 'सभासद' आणि 'थकबाकी' यांत ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. असे शब्द कुठलीही लायब्ररी बरोबर छापते.

मग सल्ले सुरू झाले, आणि माझा राग आहे तो या सल्ल्यांवर. सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत जास्त वेळा मिळालेला: फॉन्ट बदल. मंगल घेतला, निर्मला घेतला, नोटोचा देवनागरी घेतला. 'वजिय' वेगवेगळ्या वळणांत आलं, एवढाच फरक. दुसरा सल्ला: वेलांटी आधी लिही, अक्षर नंतर, म्हणजे छापताना बरोबर दिसेल. 'विजय' दिसलाही बरोबर. पण जोडाक्षरं तशीच फुटलेली, आणि आपणच डेटा उलटासुलटा करायचा ही कल्पनाच मला पटेना. तिसरा: पानाचं चित्र करून पीडीएफमध्ये चिकटव. बिल जड झालं, अक्षरं पुसट झाली, आणि काकांच्या लेझर प्रिंटरवर आकड्यांच्या कडा फुटल्या. चौथा: छापताना युनिकोडचं पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर कर. ज्यातून बाहेर पडायला हे सगळं चाललं होतं, त्यातच परत जा म्हणे.

पायथनची लायब्ररी आहे, भाषा बदल, असं एका जुन्या सहकाऱ्याने ठामपणे सांगितलं. तोवर मला सी शार्प घ्यायचंच होतं, म्हणून एका विकतच्या पीडीएफ कंपोनंटची चाचणीची आवृत्ती घेतली. तिथेही 'वजिय'. त्यांच्या सपोर्टला मेल केला. उत्तर आलं, युनिकोड फॉन्ट वापरा. मी वापरलेल्या फॉन्टचं नाव पहिल्याच मेलमध्ये लिहिलेलं होतं. पुन्हा लिहिलं, बिलाचा नमुना जोडला, बरोबर काय आणि चूक काय ते लाल गोल करून दाखवलं. उत्तर आलं, नमुना पाठवा. मग बरेच दिवस काहीच नाही. ज्या कंपनीच्या पानावर 'सर्व भाषांना सपोर्ट' असं ठळक लिहिलंय, तिथल्या माणसाला 'वि' मधली वेलांटी व च्या आधी दिसते हे मी मेलमधून शिकवत होते. शेवटी कळलं, यासाठी वेगळं मॉड्यूल आहे, त्याचे वेगळे पैसे. किंमत ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात तर नवा पीसी येईल." हे पहिल्याच उत्तरात सांगितलं असतं तर मला काही म्हणायचं नव्हतं.

जावात रिपोर्ट बनवायचं एक मोफत साधन आहे, तेही करून पाहिलं. इथे गोष्ट उलगडायला लागली. स्क्रीनवरच्या प्रिव्ह्यूत 'विजय' अगदी बरोबर. तोच रिपोर्ट पीडीएफ म्हणून सेव्ह केला की 'वजिय'. भाषा तीच, फॉन्ट तोच, कोडची एक ओळ बदललेली नाही. मग लाझारसमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून थेट विंडोजच्या प्रिंटरवर तीच ओळ काढली. बरोबर. सी शार्पच्या साध्या प्रिंट डॉक्युमेंटमधून काढली. बरोबर. म्हणजे चार भाषांपैकी एकीलाही मराठी येत नव्हतं असं नाही, आणि येत होतं असंही नाही. प्रश्न अक्षरं मांडतं कोण, हा होता.

युनिकोडमध्ये 'वि' साठवताना आधी व, मग वेलांटी, असंच असतं. 'क्ष' साठवताना क, हलन्त, ष. वेलांटी उचलून आधी ठेवायची, क आणि ष मिळून फॉन्टमधला 'क्ष' चा तयार आकार निवडायचा, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा, हे काम एक वेगळा प्रोग्रॅम करतो. जुन्या छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवायचा, तसं हे जुळवणं. विंडोजमध्ये ते युनिस्क्राइब आणि डायरेक्टराइट करतात. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, आणि पायसाइड-पायक्यूट ज्यावर उभी आहेत ते क्यूट, यांच्यात हार्फबझ करतं, आणि जावाच्या आवृत्ती ९ पासून त्याच्याही पोटात हार्फबझच आहे. पीडीएफ ही मात्र मांडून झालेल्या पानाची फाइल. कुठला आकार कुठे ठेवायचा एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. जी लायब्ररी पीडीएफ स्वतः लिहिते आणि हार्फबझसारखं काही मध्ये घेत नाही, ती प्रत्येक कोडसाठी एक आकार उचलते आणि ओळीने ठेवत जाते. इंग्रजीत ते खपतं. आपल्याकडे 'वजिय' होतो.

हे एकदा समजलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. लायब्ररी निवडताना आता मी एकच प्रश्न विचारते: ही हार्फबझ वापरते का, किंवा विंडोजकडून अक्षरं मांडून घेते का? उत्तर 'युनिकोड सपोर्ट आहे' असं आलं, तर ते उत्तर नव्हे.

शेवटी केलं ते असं. प्रोग्रॅम सी शार्पमध्येच ठेवला, बिल मात्र एचटीएमएलचं पान म्हणून तयार केलं. ते पान प्रोग्रॅमच्या आत बसवलेल्या वेबव्ह्यू२ मध्ये उघडायचं आणि तिथूनच पीडीएफ काढायची. वेबव्ह्यू२ म्हणजे एज ब्राउझरचंच इंजिन, तेव्हा अक्षरं हार्फबझ मांडतं. प्रिंट डॉक्युमेंटनेही जमलं असतं, पण तिथे प्रत्येक ओळ अमुक मिलिमीटरवर असं मोजत बसावं लागतं, आणि एखाद्या सोसायटीने पाण्याचा जादा आकार वाढवला की सगळं खाली सरकवा. एचटीएमएलमध्ये टेबल आपोआप वाढतं. एका ए४ पानावर दोन बिलं बसवायची आणि बिल मध्येच तुटून पुढच्या पानावर जाऊ नये, याला सीएसएसची एक ओळ पुरते. प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळी पीडीएफ काढू नका, फार वेळ लागतो. छापायला सगळ्या सोसायटीचं एकच मोठं पान करून एकदाच काढा, आणि वेगळी फाइल फक्त ज्यांना मोबाइलवर पाठवायचीय त्यांचीच. विंडोज ७ साठी वेबव्ह्यू२ च्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या सुरुवातीला थांबल्या, म्हणून त्या पीसीवर फक्त एन्ट्री होते, बिलं शेजारच्या मशीनवरून निघतात.

पहिलं बरोबर बिल निघालं तेव्हा काकांनी ते नुसतं पाहिलं नाही, प्रत्येक नावाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचलं. विजय. कर्वे. क्षीरसागर. मला त्या क्षणी जे समाधान मिळालं ते नोकरीतल्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये मिळालं नव्हतं.

फॉन्टबद्दल एक राहिलंच. कोडमध्ये 'मंगल' असं लिहून ठेवू नका. विंडोज १० पासून मंगल आपोआप येत नाही, देवनागरीच्या जादा फॉन्टांचा संच सेटिंगमधून वेगळा घ्यावा लागतो. निर्मला असतो, पण तो विंडोज ७ मध्ये नाही. मी नोटोचा देवनागरी फॉन्ट प्रोग्रॅमबरोबरच देते, परवान्याची अडचण नाही.

बिल नीट आलं तरी 'कुऱ्हाडे' सापडेनात. ऑफिसातल्या ताई शोधाच्या चौकटीत नाव टाइप करायच्या, उत्तर यायचं, नोंद नाही. यादीत मात्र तेच नाव डोळ्यांसमोर. "मॅडम, हे बघा ना, हे काय आहे मग?" कारण असं की 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, कुठे साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. जुन्या डेटाचं रूपांतर करणाऱ्या साधनाने एक तऱ्हा वापरलेली, ताईंच्या कीबोर्डची दुसरी. दिसायला सारखं, डेटाबेसच्या लेखी वेगळं. 'ॲ' चंही तेच. एक अक्षर म्हणूनही येतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही. शिंदे आणि शिन्दे तर आहेतच. यावर उपाय कुठल्याही भाषेत एकच: नावाच्या कॉलमशेजारी शोधासाठी दुसरा कॉलम ठेवायचा. त्यात न दिसणारी जोडचिन्हं काढून टाकलेली, 'ऱ' चा 'र' केलेला, 'ॲ' एकाच तऱ्हेचा, अनुनासिकं अनुस्वारात आणलेली. शोधताना टाइप केलेल्या शब्दावरही तेच संस्कार करायचे. कुऱ्हाडे लगेच सापडले. मूळ नावाला हात लावायचा नाही, बिलावर माणूस लिहितो तसंच छापलं गेलं पाहिजे.

क्रमवारीची गोष्टही इथलीच. एसक्यूलाइटमध्ये काही न सांगता क्रम लावला तर तो कोडच्या क्रमांकाने लागतो, आणि 'ॲ' चा कोड 'ह' च्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे नावाआधी 'ॲड.' लावणारे सगळे वकील यादीच्या तळाशी. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची क्रमवारी आहे आणि त्यात मराठीची वेगळी मिळते; कॉलमला ती लावली की काम झालं.

अक्षरी रक्कम लिहायचं फंक्शन इंग्रजीवरून उचलू नका. मराठीत एकपासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचा शब्द आहे, दशक आणि एकक जोडून 'एकोणसत्तर' बनत नाही. सगळे शब्द एका तक्त्यात लिहून काढायचे, एखाद्या मराठी शाळेच्या शिक्षकांकडून तपासून घ्यायचे. माझे आईने तपासले.

आणि कुठल्याही भाषेत एक स्क्रीनही बांधायच्या आधी ही ओळ पीडीएफमध्ये काढून पाहा: श्री. विजय क्षीरसागर, ॲड. कर्वे, कुऱ्हाडे, हृषीकेश, पार्किंग, सिंकिंग फंड, दुरुस्ती, रु. १,२५,०००. मग ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर नाही, ज्याला वापरायचीय त्याच्या पीसीवर आणि त्याच्या मोबाइलवर उघडा. ओळ बरोबर आली तर ती भाषा तुमची. पायथन असेल तर पायथन. हार्फबझ जोडलेल्या लायब्रऱ्या तिथेही आहेत, आणि क्यूटमधून पीडीएफ काढली तर 'विजय' बरोबरच येतो. मी सी शार्पवर राहिले ते विंडोज ७ मुळे आणि पुढे सांभाळणारं माणूस मिळावं म्हणून.

अजून एक, हे आत्ता आठवलं. नवं सॉफ्टवेअर तयार होईपर्यंत जुनं चालूच होतं, आणि एक दिवस त्यातलं सगळं मराठी अचानक बिघडलं. ताई घाबरल्या, डेटा गेला म्हणून. पीसी दुरुस्तीला आलेल्या मुलाने कुणाच्या तरी सांगण्यावरून विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक तऱ्हा) वापरा अशी जी बीटाची चौकट असते, तिच्यावर खूण केली होती. त्याने युनिकोडवर चालणाऱ्या नव्या प्रोग्रॅमना सहसा फरक पडत नाही, पण जुन्या फॉन्टवर चालणारे व्हीबी ६ चे प्रोग्रॅम १२८ पासून पुढच्या क्रमांकांची चिन्हं वेगळीच वाचायला लागतात. डेटा जागेवर असतो. मात्र तशा अवस्थेत काही सेव्ह करू नका. खूण काढा, पीसी रीस्टार्ट करा, आणि जुन्या डेटाचं रूपांतर करायचं असेल तर ती खूण नसलेल्या मशीनवरच करा.